कोरडं बोट

वासरू पीत नसलं की वस्तीतले लोक आधी आक्काच्या गोठ्यात यायचे, मग जनावरांच्या डॉक्टरकडे. बहुतेक वेळा डॉक्टरकडे जायची पाळीच येत नसे. आक्का वासराला मांड्यांत दाबून धरायची, गवताच्या काडीनं नाकपुडी मोकळी करायची, मागचे पाय धरून उचलून दोन झटके द्यायची, तोंडातला चिकट लोळ काढून भिंतीला फासायची, आणि मग उजव्या हाताची दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या टाळूला लावायची. हा सड नाही, हे वासराला कळायचंच नाही. ते ओढायला लागायचं. ओढता ओढता आक्का हात खाली खाली बादलीत न्यायची आणि वासरू दुधात नाक खुपसून पीत सुटायचं.

बघणारा म्हणायचा, "आक्का, बोटाला लावलंयस तरी काय?"

"शेण," आक्का म्हणायची. लोक हसायचे.

आक्काला मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं तिला बावीस वर्षांपूर्वी भावाच्या दारात आणून सोडली होती. टाकलेल्या बाईच्या हातानं अख्ख्या वस्तीची वासरं जगत होती, आणि ही गोष्ट लोक तिच्या तोंडावर कौतुकानं सांगायचे. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे. आक्कालाही वाटत नसे. तिला तेवढंच मिळालं होतं. त्या दोन बोटांवर तिचं घरातलं स्थान होतं, रस्त्यावरचा मान होता, आणि देवापुढं उभं राहायचं तोंडही होतं.

त्या वर्षी थंडी वाईट होती. सकाळी गोठ्यातलं शेण दगडासारखं व्हायचं आणि कास धुताना गाई लाथा झाडायच्या. वस्तीत एकाच महिन्यात तीस-पस्तीस गाई व्यायल्या. त्यातली निम्मी वासरं थरथरत पडायची, तोंडाला फेस आणायची, पीत नसत. आक्काला जेवायला सवड नव्हती. एक सोडून दुसऱ्याच्या गोठ्यात, अशी ती फिरत होती. आणि त्याच महिन्यात तिची भावजय बाळंत झाली.

भावजयीचं पोट शेवटी शेवटी इतकं वाढलं होतं की तिला उठताना खांब धरावा लागे. दुधाचे कॅन डेअरीवर नेणारा टेंपोवाला रोज चिडवायचा, "वहिनी, आत किती कॅन भरलेत? झाकण नीट लावलंय ना?" ती हसायची. जुळं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. जवळच्या छोट्या दवाखान्यात ती बाळंत झाली तेव्हा बाहेर आलं ते मूठभर एकच पोर, मुलगी. आणि पाणी इतकं, की खाटेखालून ओहोळ दारापर्यंत गेला.

"कालवड!" टेंपोवाल्यानं आरोळी ठोकली. "आपल्या धंद्यात कालवडच बरी."

बाळाच्या तोंडातून फेस येत होता. पुसला की पुन्हा. आक्कानं नर्सला दाखवलं. नर्स म्हणाली, "पाणी प्यायलंय पोटात. जाईल दोन दिवसांत." तिची ड्यूटी संपत आली होती आणि तिनं स्वेटरही घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी लावून दिलं. बाळाच्या घशात घालून बघायची एक बारीक नळी त्या दवाखान्यात असती, आणि ती घालायला कुणाला दोन मिनिटं असती, तर पुढचं काही झालंच नसतं. नळी नव्हती. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र तेवढं होतं, काचेच्या चौकटीत.

घरी आल्यावर भावजयीनं बाळाला छातीशी घेतलं. बाळानं तोंड उघडलं, दोनदा ओढलं, आणि तिसऱ्यांदा खोकून दूध नाकातोंडातून बाहेर टाकलं. तोंड काळंनिळं झालं. भावजय किंचाळली.

आक्का गोठ्यातून धावत आली. हात धोतराच्या फडक्याला पुसले न पुसले, बाळाला पालथं घेतलं, पाठीवर थाप मारली, तोंडातला फेस बोटानं काढला. बाळ रडलं. रंग परतला.

"बघ," आक्का म्हणाली. "काही नाही. याला ओढता येत नाहीये अजून. शिकवावं लागतं."

"वन्सं, दवाखान्यात नेऊया का?" भावजय म्हणाली.

आक्काचा भाऊ, घरातला धाकटा, दारात उभा होता. आई गेल्यावर आक्कानंच त्याला वाढवला होता. त्याला चड्डी घालायला शिकवली ती तिनं, धार काढायला शिकवली तीही तिनंच. तो म्हणाला, "आत्ताच तर आलो दवाखान्यातून. आणि आक्काचा हात आहे की. जनावर जगवते ती, माणसाचं पोर काय अवघड आहे?"

"जनावर वेगळं..." भावजय म्हणाली.

"अगं, पोट ते पोट."

घरात एका दिवसाची बाळंतीण बोलते तेवढं ती बोलली होती.

मग आक्कानं तिचं काम सुरू केलं, आणि ते मन लावून केलं. भावजयीनं वाटीत दूध काढून द्यायचं. आक्कानं करंगळी त्यात बुडवायची, बाळाच्या टाळूला लावायची. बाळ ओढायचं! असं ओढायचं की आक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं. एक थेंब, दोन थेंब, पाच थेंब. मग खोकला, फेस, निळा रंग. पालथं, थाप, बोट. रडणं. परत गुलाबी. आक्का म्हणायची, "मघापेक्षा दोन थेंब जास्त गेले." दोन तासांनी पुन्हा वाटी. बाळाचं पोट टम्म फुगलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, पोट भरलंय."

दूध पोटात गेलंच नव्हतं, पोटात वारा होता. पण हे सांगायला तिथं कोण होतं? शेजारच्या बाया दाराशी यायच्या आणि म्हणायच्या, "आक्का होती म्हणून." आक्का मान खाली घालून हसायची. बावीस वर्षांत कुणी तिला घरातल्या मुलासाठी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ निळं झालं आणि परत आलं नाही. आक्कानं थाप मारली, पालथं केलं, पाय धरून उचललं, नाकावर तोंड ठेवून ओढलं. श्वास आला, पण फाटक्या भात्यासारखा. बरगड्यांच्या मधली कातडी आत आत जात होती. आक्कानं वासरात हे बघितलं होतं. असं वासरू संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"टेंपो," ती म्हणाली. "टेंपो आणा."

टेंपो रस्त्यातच होता, दुपारच्या फेरीचे कॅन भरून. टेंपोवाल्यानं एक शब्द विचारला नाही. मागची फळी पाडली आणि भरलेले कॅन एकेक करून रस्त्याच्या कडेला उतरवले. दूध नासणार, डेअरीवाला बोंब मारणार, कशाची पर्वा केली नाही. सगळ्या कॅनांत वस्तीचं दूध होतं, आणि वस्तीतला एक माणूस "माझं दूध" म्हणाला नाही. हेही सांगायला हवं. पुढं मी या लोकांबद्दल जे सांगणार आहे त्याआधी हे सांगायला हवं.

मोठा दवाखाना दोन तासांवर होता. फळीवर पोतं टाकून आक्का बसली, मांडीवर बाळ; भावजय आणि धाकटा पुढं बसले. धुकं फाटत नव्हतं. सगळ्या वाटेत ती बाळाच्या ओठांवरचा फेस पुसत होती. वाटीत थोडं दूध उरलं होतं, तीही तिनं पदराखाली घेतली होती. रस्त्यात भूक लागली तर असावं म्हणून.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं बाळाच्या तोंडातून बारीक नळी आत सारली. बोटभर गेली आणि अडली. पुन्हा सारली, पुन्हा अडली. तिनं नळी तशीच ठेवून छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत नळी घशाखाली वेटोळं घालून बसलेली होती, दाव्याच्या गुंडाळीसारखी.

"तोंडातून जी अन्ननळी पोटात जाते ती या बाळात मध्येच बंद आहे," ती म्हणाली. "वरचा तुकडा पिशवीसारखा, खाली भोक नाही. खालचा तुकडा श्वासनळीत उघडतोय, म्हणून पोटात वारा भरलाय. म्हणजे तोंडातून दिलेलं काहीही पोटात जाऊ शकत नाही. पिशवी भरली की ते उतू जाऊन छातीत जातं. आईचं पोट फार मोठं होतं?"

"हो," भावजय म्हणाली.

"बाळ पोटात असताना पाणी गिळू शकत नव्हतं, म्हणून. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

त्या पोटावर सगळी वस्ती हसली होती.

"तोंडानं काही दिलंय का?"

"नाही," धाकटा पटकन म्हणाला. "काही नाही दिलं."

तो आक्काकडे बघत नव्हता. आक्काला समजलं. हा आपल्याला झाकतोय. लहानपणी ती त्याला झाकायची, भांडं फुटलं की "मांजरानं पाडलं" म्हणायची, तसं.

"नीट सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "छातीत दूध गेलं असेल तर मला आज कापता येणार नाही. नसेल तर आत्ता घेते. काय ते खरं सांगा."

"चौदा वेळा," आक्का म्हणाली.

"काय?"

"चौदा वेळा पाजलं. बोटानं. मी." तिनं पदराखालची वाटी काढून टेबलावर ठेवली. तळाशी दुधाची साय धरली होती.

डॉक्टरीणबाईनं वाटीकडे बघितलं, मग आक्काच्या हाताकडे. नखांच्या कडांना हिरवट काळी रेघ होती, घासून न जाणारी. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, "छाती साफ होईपर्यंत थांबायचं. किती दिवस ते मला सांगता येत नाही. तोवर टिकलं तर ऑपरेशन." आणि सिस्टरला म्हणाली, "पाटी लावा. तोंडानं काहीही नाही."

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात एक नळी, घशात दुसरी. घशातली नळी सतत लाळ ओढत होती, सुरसुर आवाज करत. आक्का काचेबाहेर उभी राहिली. बाळ तोंड उघडायचं, मान वळवायचं, शोधायचं. भुकेलं वासरू गोठ्याच्या भिंतीलाही चाटतं, तसं.

दुसऱ्या दिवशी आक्काला घरी पाठवलं. गाई होत्या. भावजय आणि धाकटा तिथंच राहिले. ती टेंपोतून उतरली तर अंगण झाडलेलं होतं, गोठा धुतलेला होता, चारही गाईंच्या धारा काढून झालेल्या होत्या. शेजारणीनं चुलीवर पाणी ठेवलं होतं. कुणी चाऱ्याच्या दोन पेंढ्या टाकून गेलं होतं. तीन माणसं रक्त द्यायला सकाळीच गेली होती, त्यांत एक असा होता की ज्याचं धाकट्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. आक्का उंबऱ्यावर बसली आणि तिला रडू आलं. इतके दिवस ते आलं नव्हतं.

संध्याकाळी डेअरीच्या मागच्या खोलीत प्रार्थना ठेवली होती. त्या खोलीत एका बाजूला रिकामे कॅन रचलेले असत आणि दुसऱ्या बाजूला लोक बसत. प्रार्थना सांगायचे पेंडवाले अण्णा. जनावरांची पेंड विकून त्यांचा आवाज भरदार झाला होता, आणि त्यांना तो आवडायचाही. खोली भरली होती. अण्णांनी आक्काला पुढं बोलावलं.

"बघा," अण्णा म्हणाले, "ज्या बाळाला गिळायची वाटच नाही, ते बाळ दोन दिवस जगलं. कुणाच्या हातानं? देव हात देतो तो असा. या बाईच्या बोटांत त्यानं..."

"अण्णा, थांबा," आक्का म्हणाली.

"लाजायचं काय त्यात?"

"माझ्या बोटानं तिच्या छातीत दूध गेलं." आक्काचा आवाज मोठा नव्हता, पण कॅनच्या पत्र्यावर आपटून सगळीकडं गेला. "मी पाजलं नसतं तर पहिल्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं. भावजय म्हणत होती, दवाखान्यात नेऊया. मी नेलं नाही."

मग मागून एक बाई म्हणाली, "दुःखात माणूस काहीबाही बोलतं." दुसरी म्हणाली, "तुझा हेतू चांगला होता की गं." "देव हेतू बघतो," अण्णांनी लगेच उचललं, "देवाच्या दारात स्वतःला दोष देऊ नये, आक्का. त्याचंही पाप लागतं." आणि त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, रोजच्यापेक्षा वरच्या पट्टीत. सगळी खोली त्यांच्या मागून म्हणू लागली. आक्का मधोमध उभी होती. तिचं बोलणं कुणी ऐकूनच घेत नव्हतं. शिवी दिली असती कुणी, थुंकलं असतं, तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यांनी माफ केलं. न ऐकता माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेणाचं घमेलं घेऊन बाहेर आली तर रस्त्यानं वरच्या आळीतला एकजण चालला होता, खांद्यावर वासरू. वासराची मान लोंबत होती, तोंडाला फेस. आक्का सवयीनं पुढं झाली. घमेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसला.

"कधीपासून पीत नाही?" तिनं विचारलं.

माणूस थबकला. काल संध्याकाळी तो पहिल्या ओळीत बसून मोठ्यानं प्रार्थना म्हणत होता. "कालपासून," तो म्हणाला. "पण तू... तुझं आधीच एवढं चाललंय आक्का. तुला कशाला त्रास. डॉक्टरलाच दाखवतो."

"डॉक्टर दुपारी येतो. तोवर जाईल ते."

"बघतो," तो म्हणाला आणि पाऊल उचललं. तिच्या फाटकापुढून जाताना त्यानं वासराचं तोंड दुसऱ्या खांद्याकडे वळवून घेतलं.

आक्कानं घमेलं पुन्हा डोक्यावर घेतलं. खरं उत्तर हे होतं. प्रार्थनेच्या खोलीत माफी होती. गोठ्यात नव्हती. तिला त्या माणसाचा राग आला नाही. तिनंही तेच केलं असतं.

पाचव्या दिवशी ती पुन्हा मोठ्या दवाखान्यात होती. बाळ तसंच. छाती थोडी साफ, थोडी नाही. डॉक्टरीणबाई फोटो उजेडापुढं धरायची, ओठ आवळायची, "उद्या बघू" म्हणायची. भावजय भिंतीला टेकून दूध काढून बाटलीत भरायची. ते दूध बर्फात ठेवत होते, न पिणाऱ्या बाळासाठी. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून रांग केलेली होती. धाकटा पेटीजवळ उभं राहून मनातल्या मनात काय म्हणत होता कुणास ठाऊक, त्याचे ओठ हलत असत. आक्काला प्रार्थना जमत नव्हती. बाळाला भूक लागू नये, एवढं एकच मागणं तिला सुचायचं, आणि असलं मागणं कुणी करतं का, म्हणून ती तेही अर्धवट सोडायची.

दुपारी वस्तीतली बारा माणसं टेंपोतून आली. पुढं अण्णा, हातात काचेची छोटी बाटली. तीन दिवस प्रार्थनेपुढं ठेवलेलं पाणी.

"आत जाऊ देत नाहीत म्हणे," अण्णा म्हणाले. "तू तर आत जातेस. ओठांना लाव फक्त."

"तोंडानं काही द्यायचं नाही, अण्णा."

"पाजायचं कोण म्हणतंय? एक थेंब. सगळ्या वस्तीचा जीव आहे गं या पाण्यात. लहान पोरांनीसुद्धा प्रार्थना म्हटली. एका थेंबानं काय होतंय?"

"मीही थेंबच देत होते," आक्का म्हणाली.

मागून टेंपोवाला हळूच म्हणाला, "अण्णा, राहू दे." पण अण्णांचा हात पुढंच होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, ते खोटं नव्हतं. आक्काला तेच सगळ्यात वाईट वाटलं. खोटं असतं तर तिनं बाटली आपटली असती. या लोकांनी तिच्या गाई सांभाळल्या होत्या, आपलं रक्त दिलं होतं, दूध रस्त्यावर सोडलं होतं. आणि आता आणखी काही करता येत नव्हतं तर त्यांनी पाणी आणलं होतं. तिच्याकडंही बोट सोडून काही नव्हतं, तेव्हा तिनं बोट दिलं होतं.

तिनं बाटली घेतली. बूच काढलं, आणि सगळ्यांच्या समोर, दाराशी उभी राहून, शेवटच्या थेंबापर्यंत ते पाणी स्वतः प्याली. रिकामी बाटली बूच लावून परत दिली.

"गेलं आपल्या घरातल्याच्याच पोटात," ती म्हणाली. "आता जा."

अण्णा बाटलीकडे बघत राहिले. एक बाई म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या." माणसं जिना उतरून गेली. अण्णांचा अपमान झाला होता आणि तो पुढं वर्षभर वस्तीत पुरला. पण त्या संध्याकाळीही कुणीतरी गाईंच्या धारा काढल्या, आणि कास धुऊन काढल्या.

सातव्या दिवशी बाळाला ऑपरेशनला नेलं. चार तास. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईनं टोपी काढली. केस कपाळाला चिकटले होते. "श्वासनळीचं भोक बंद केलं," ती म्हणाली. "पण अन्ननळीची दोन टोकं फार लांब आहेत. जोडता आली नाहीत. पोटाला भोक पाडून नळी घातलीय, दूध तिथून जाईल. बाळ वाढलं, छाती धरून राहिली, तर काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करू."

"जगेल ना?" धाकटा म्हणाला.

"आज जगलंय," ती म्हणाली. "उद्याचं मी कुणालाच सांगत नाही."

दोन दिवसांनी पहिलं दूध द्यायचं ठरलं. सिस्टरनं पेटीचं दार उघडलं. बाळाच्या पोटातून बोटाएवढी रबरी नळी बाहेर आली होती, आजूबाजूला पिवळं औषध. घशातली नळी अजून लाळ ओढत होती. सिस्टर म्हणाली, "एकीनं ही नळकांडी उंच धरायची, यात दूध ओतायचं. आपोआप उतरेल. आणि त्याच वेळी दुसरीनं बाळाच्या तोंडात बोट द्यायचं. कोरडं. धुतलेलं. पोट भरताना तोंड हललं पाहिजे, नाहीतर चोखायचं विसरून जाईल. मग पुढं अन्ननळी जोडूनही पिणार नाही. रोज द्यायचं, प्रत्येक वेळी. लक्षात आलं? कोरडं."

भावजयीनं नळकांडी हातात घेतली. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही द्या बोट."

आक्का मागं सरली. "मी नको. तू दे. मी धरते ते."

"तुम्हीच."

"अगं, माझं बोट..."

भावजयीनं मान वर केली. आठवडाभरात पहिल्यांदा ती आक्काकडे सरळ बघत होती. तिचे डोळे आत गेले होते, ओठ फुटले होते. "मी त्या दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "दवाखान्यात नेऊया म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत. कुणीच ऐकलं नाही."

"नाही ऐकलं," आक्का म्हणाली.

"वासरं चोखायला लागतात तुमच्या बोटाला. दुसऱ्या कुणाच्या नाही लागत." भावजयीनं नळाकडे मान केली. "हात धुवा."

ही माफी होती की शिक्षा, आक्काला कळलं नाही. भावजयीला तरी कुठं कळलं होतं. आक्का नळाशी गेली. सिस्टरनं दाखवल्याप्रमाणे कोपरापर्यंत साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. ब्रशनं घासलं. पुन्हा लावला. नखांच्या कडेची हिरवट रेघ जाईना, तेव्हा सिस्टरनं रबरी हातमोज्याचं एक बोट कापून तिच्या करंगळीवर चढवलं. "पुरे आता," ती म्हणाली, "कातडी निघेल."

भावजयीनं नळकांडीत दूध ओतलं. एका घोटाएवढं. पांढरी रेघ नळीतून हळूहळू खाली निघाली.

आक्कानं करंगळी बाळाच्या ओठांवर ठेवली. बाळानं मान वळवली, ओठ फाकवले आणि बोट आत घेतलं. आणि ओढलं.

आक्काला वाटलं, कोपरापर्यंतची शीर ओढली जातेय. एवढ्याशा तोंडाला एवढं बळ कुठून आलं? आयुष्यात तिनं शंभर वासरं पाजली होती, पण असं कुणी ओढलं नव्हतं. जीभ खालून बोटाला गुंडाळून मागं सरायची, थांबायची, वाट बघायची. काही यायचं नाही. पुन्हा ओढायची. खाली नळीतून दूध पोटात जात होतं, पण ते बाळाला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, यायचं असेल तर इथून येईल.

"घेतंय का?" भावजयीनं विचारलं.

"घेतंय," आक्का म्हणाली.

बाळानं डोळे उघडले. बोट न सोडता, रागानं, पुन्हा पुन्हा ओढत राहिलं. आक्कानं हात हलू दिला नाही. कोरडं बोट तिनं तसंच धरून ठेवलं, नळकांडी रिकामी होईपर्यंत, आणि त्यानंतरही.